ठरलेला दोष

मंगळवारी संध्याकाळी ही-जू कामावरून घरी आली तेव्हा तिच्या दारावर एक पिवळा कागद चिकटवलेला होता. कागद तळहाताएवढा. त्यावर निळ्या शाईत मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘पहाटे पाचला खुर्ची ओढत जाऊ नका. खाली माणसं राहतात. ९०३.’ सोलमध्ये असल्या कागदाचं कुणालाच काही वाटत नाही. वरच्याचा आवाज खालच्याला जातो, लोक चिठ्ठ्या लिहितात, भांडतात, एखाद्या दिवशी पोलीसही बोलावतात, आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये शेजारी शेजारी उभे राहून मुकाट्यानं मजल्यांचे आकडे बघत खाली जातात. दुसरी कुणी असती तर तिनं तो कागद फाडून टाकला असता, फार तर दोन शिव्या हासडल्या असत्या. ही-जू मात्र हातात किल्ली धरून तशीच उभी राहिली. कारण तिच्या घरात खुर्चीच नव्हती.

खुर्ची नव्हती म्हणजे कधीच नव्हती. सरकारनं हे घर दिलं त्याला सात वर्षं झाली. एक बुटकं जेवणाचं टेबल, एक गादी, एक पंखा, भाताचा कुकर. ती जमिनीवर बसायची, जमिनीवर जेवायची आणि भिंतीला पाठ लावून टीव्ही बघायची, दार समोर दिसेल अशी. तिनं कागद कोपऱ्यापासून हळूहळू सोडवला, फाटू न देता. घडी करून ब्लाउजच्या आत ठेवला. पॅसेजमध्ये दोन्हीकडं बघून मग आत शिरली, दोन्ही कुलपं लावली, आणि चपला काढायचं विसरून तशीच स्वयंपाकाच्या ओट्याशी टेकून राहिली. या घरात आजवर आलेलं माणूस एकच, पोलिसांतले प्यो साहेब. उत्तर कोरियातून पळून आलेल्या माणसांची काळजी घ्यायला सरकार एकेक पोलीस नेमून देतं, तसे हे. तेही दोनदाच आले होते आणि दोन्ही वेळा दारातच उभे राहून गेले. मग खुर्चीचं कुणी लिहिलं? लिहिणाऱ्याची चूक झाली असेल. किंवा हिच्याकडं खुर्ची नाही हे चांगलं ठाऊक असूनच त्यानं लिहिलं असेल. पहिलं सरळ होतं, शहाण्या माणसानं तेच धरलं असतं. पण ही-जूच्या मनात पाल चुकचुकली ती दुसऱ्यापाशी. खोटा, बारीकसा, कुणाचंही काही न बिघडवणारा दोष. असले दोष तिला देणारी बाई या जगात एकच होती, आणि ती मेली होती.

मेली असावी. कुणी पाहिलं नव्हतं.

तिकडं उत्तरेत, खोऱ्यातल्या कैद्यांच्या छावणीत दर शनिवारी, काम संपलं की मक्याच्या कोठारामागं पाच-पाच जणींची तुकडी उकिडवी बसायची. पाळी असेल तिनं उभं राहायचं, दोन्ही हात विजारीच्या शिवणीला लावायचे, नेत्यांचं एखादं वचन म्हणायचं आणि मग दोन गोष्टी सांगायच्या. या आठवड्यात माझं काय चुकलं ते, आणि उरलेल्या चौघींपैकी कुणाचं काय चुकलं ते. पहिलं सोपं होतं. दुसऱ्यापायी माणसं मरायची. काहीच सांगितलं नाही तर हिची नजर मळली म्हणून हिचीच पेज बंद. सांगितलं तर ती बाई पुढच्या शनिवारी हिशेब चुकता करायची. ही-जूला तिथं बापाच्या गुन्ह्यापायी जावं लागलं होतं. बापानं रेडिओवरचं सरकारी सील काढून रात्री दक्षिणेची गाणी ऐकली होती. ती तेव्हा सत्तावीसची होती आणि तिला वाटायचं, माणूस खरं बोललं की सुटतं. तिला शहाणं केलं ते ओक-दाननं. ओक-दान तिच्याहून दहा वर्षांनी मोठी. पुढचे दोन दात गेलेले, बोलताना हवा सुटायची. पहिल्याच हिवाळ्यात कोळशाची ढकलगाडी दोघींनी मिळून रेटताना तिनं मान न वळवता सांगितलं होतं, “ऐक गं. या शनिवारी मी म्हणणार, हिनं फावडं न पुसता ठेवलं. तू मान खाली घालून कबूल व्हायचं. पुढच्या शनिवारी तू म्हण, ओक-दान घोषणा देताना नुसते ओठ हलवते.”

“पण ताई, तू तर सगळ्यांत मोठ्यानं ओरडतेस.”

“म्हणूनच म्हण ना, बावळट. खोटं असलं की शोधायला जातील नि हात हलवत परत येतील. खरं मात्र त्यांच्या हातात कधी द्यायचं नाही. एवढंसं खरं दिलंस ना, की ते ओढत ओढत पार बुडापर्यंत जातात.”

तीन वर्षं त्यांनी असं निभावलं. एका शनिवारी ओक-दान, एका शनिवारी ही. दोष आधी ठरलेला, तोही खोटा, तोही लहान. एकदा घाईत दोघींनी लागोपाठ एकच दोष एकमेकींवर टाकला, आणि ओक-दानला असं हसू फुटलं की तिनं ते दाबायला ओठ रक्त येईस्तोवर चावला. तुकडीच्या मुकादमबाईला वाटलं, पश्चात्तापानं रडतेय. तिचं भर सभेत कौतुक झालं. त्यानंतर कितीतरी दिवस दोघी गाडी ढकलताना नुसतं ‘पश्चात्ताप’ म्हणायच्या आणि खोकल्याचं निमित्त करून तोंड लपवायच्या. ही-जूला त्या दिवसांत सुख वाटलं होतं. हे तिनं कुणालाही सांगितलं नसतं, पण वाटलं होतं खरं. दक्षिणेत आल्यावर मात्र तिला तसं हसू कधी आलं नाही.

तो पिवळा कागद तिनं बुटक्या टेबलावर पसरला आणि त्याच्यासमोर बसली. अक्षर ओक-दानचं आहे का? ओक-दानचं अक्षर तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तिथं लिहायला काय होतं! ती सुटली असेल का? ही सुटली तशी तीही सुटली असेल, हजार वाटांनी फिरत इथं पोचली असेल, हिला बाजारात पाहिलं असेल, हिच्या मागोमाग येऊन बरोबर हिच्या पायाखालचं घर घेतलं असेल, आणि आता सांगतेय की माझी पाळी मी पाळली, आता तुझी. की हे दुसऱ्याच कुणाचं काम आहे? कारण मरायच्या आधी छावणीतल्या खालच्या, चौकशीच्या कोठडीत ओक-दाननं सगळं ओकून टाकलं असणार, ठरलेल्या दोषांसकट. तिथल्या माणसांना हे ठाऊक झालं असेल तर हिला हुडकायला याच्यासारखं साधन नाही. एक खोटा दोष दारावर चिकटवायचा नि बघत बसायचं. साधी बाई असेल ती वर येऊन भांडेल. पाळी ओळखणारी असेल तीच उत्तर देईल.

आणि ही-जू जिवंत आहे हे तिकडं कळणं म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा गळा कापणं. बाप पकडला गेला त्याआधी दोन वर्षं बहिणीचं लग्न झालं होतं, बंदरगावात. ती नवऱ्याच्या घरच्या नोंदीत गेली म्हणून वाचली. तिला दोन मुली होत्या. हिला सीमेपार आणणाऱ्या चिनी दलालानं एकदाच, फोनवर, शब्द मोजून सांगितलं होतं, “कागदावर तुम्ही पुरात बुडालात. तुम्ही बुडालेल्या आहात तोवर ती बरी आहे. तोंड दाखवू नका कुठं.” तेव्हापासून ती दाखवत नव्हती. इथं उत्तरेतून आलेल्या बायका टीव्हीवर जातात, चर्चमध्ये माईक धरून रडतात, त्यांची पुस्तकं निघतात. हिनं नाव बदलून यून ही-जू केलं, गाव बदलून सांगितलं, आणि एका तोंडीलावण्यांच्या दुकानात मोडांच्या शेपट्या खुडायचं काम धरलं, जिथं दिवसभर खाली मान घालूनच बसावं लागतं. जुनं नाव ती न्हाणीत एकटी असतानासुद्धा उच्चारत नसे.

बुधवारी सकाळी तिनं खालच्या पहारेकऱ्याला गाठलं. तो जिन्यातला केर काढत होता.

“काका, नऊशेतीनमध्ये कोण आलंय हो?”

“का? भांडण काढायचंय?”

“नाही हो. सहज.”

“सहज कुणी विचारत नाही, ताई. मी बावीस वर्षं या दारावर आहे.” तो झाडूवर हनुवटी टेकून खुशीत आला. “एक बाई आहे, एकटीच. वसंतात आली. बोली तुमच्याकडचीच वाटते हं. तुम्हाला बरं झालं, गप्पाटप्पा होतील.”

“वय काय असेल?”

“बाईमाणसाला वय विचारू मी? मार खाईन! सत्तरीची दिसते बघा. दात नाहीत पुढचे नि कवळीही लावत नाही. बोलली की नुसती हवा.”

ही-जू कामाला गेली. दुकानाची मालकीण शिमबाई मिरच्यांच्या गोणीवर बसून कुणाला तरी फोनवर झापत होती, ती मधेच हिलाही झापू लागली, की शेपट्या राहतायत, गिऱ्हाईक काय शेपट्या खाणार? ही-जू एकेक मोड उचलत होती, शेपटी खुडत होती. सत्तरीची. आता ओक-दान असती तर अठ्ठेचाळीसची असती. पण चाळिसाव्या वर्षी ती साठीची दिसत होतीच की. तिथं वयाला काही धरबंध नव्हता. तिच्या बोटांतून मोड गळून पडला आणि तिला एकाएकी साबणाचा वास आला. ओट्यावर साबण होताच, भांड्यांचा. पण हा वास तो नव्हता. हा त्या बुधवारचा होता.

जुलै होता तो. कुंपणाच्या तारेखालून जाणारा ओढा पावसात फुगला की तारेखालची माती वाहून जायची, आणि पहारेकरी यायच्या आत एखाद्या अंगाला माणूस जाईल एवढं भोक पडायचं. हे ओक-दाननं हेरलं होतं. दोघींनी जायचं ठरलं होतं. ओक-दान जाकिटाच्या अस्तरात भाजलेला मका साठवत होती, मूठ मूठ, दोघींसाठी. त्या शनिवारी ओक-दानची पाळी होती आणि ठरलेला दोष होता, खुरपताना हिला डुलकी लागते. ओक-दान उठली, हात शिवणीला लावले आणि म्हणाली, “हिचं कामात लक्ष नसतं. ही सारखी ओढ्याकडं बघत असते.” ठरलेलं नव्हतं ते. आणि खरं होतं. ही-जू ओक-दानची नजर शोधत राहिली, ओक-दान जमिनीकडं बघत होती. दुसऱ्या दिवसापासून ओक-दानला डुकरांच्या गोठ्यावर नेलं, बोलायला सवडच मिळेना. का नेलं? गोठ्यावर ऊब असते, डुकरांच्या खाण्यातलं चोरून खाता येतं. तिथं जायला बायका तरसायच्या. हिलाच कसं मिळालं? मग बुधवारी पाण्याच्या रांगेत ती चार बायकांपलीकडं उभी होती आणि तिच्या हाताला साबणाचा वास येत होता. साबण! वर्षाकाठी नखाएवढा तुकडा मिळायचा तिथं. ही-जूला वाटलं, झालं, विकलं हिनं मला. आधी ओढा त्यांच्या कानात घातला, आता मोबदला घेतेय. येत्या शनिवारी उरलेलं सांगेल. रात्रभर तिनं विचार केला असं म्हणता येणार नाही. तिनं विचार केलाच नाही, तिला नुसती भीती वाटत होती. शनिवारी पाळी हिची होती. ही उठली आणि म्हणाली, “ओक-दानच्या जाकिटाच्या अस्तरात मका आहे.”

अस्तर तिथंच फाडलं. मका टपटप पडला, खूप होता, दोघींना आठ दिवस पुरला असता. ओक-दान चिडली नाही. काहीतरी विसरलंय आणि आठवत नाही, असं तिनं ही-जूकडं पाहिलं. तिला खालच्या कोठडीत नेलं. नवव्या दिवशी तिचा चमचा दुसऱ्या बाईला मिळाला. तिथं चमचा वाटला म्हणजे माणूस गेलं. आणि ही-जूला बक्षीस म्हणून बांधाच्या तुकडीत घातलं, ओढ्याकाठी. तिथं तिच्याशेजारी माती टाकणारी एक बाई हात खाजवत म्हणाली, “तो गोठ्यावरचा साबण मेला फार जळजळायचा. उवांसाठी सगळ्यांनाच दिला होता की त्या पाळीत.” दोन दिवसांनी बांध फुटला. पाणी तारेखालून घुसलं आणि ही-जू त्या पाण्यात उतरली. तिचं जाकीट तारेला अडकून राहिलं, त्यावरून ती बुडाली असं लिहिलं गेलं. तीच बांधाची तुकडी नसती तर ती सुटलीच नसती. या गोष्टीवरून तिला मागंपुढं कुठंच सरकता येत नसे. ओक-दाननं ते ओढ्याचं का म्हटलं? जीभ घसरली असेल. किंवा सावध केलं असेल, की बये, सगळ्यांना दिसतंय, बघू नकोस तिकडं. एरवी बोलायला जागाच नव्हती, म्हणून भर सभेत सांगितलं असेल. हे इतकं सोपं होतं, आणि ते हिच्या डोक्यात आलं ते नदी ओलांडून चीनमध्ये पोचल्यावर.

गुरुवारी प्यो साहेबांचा फोन आला. “यूनबाई, बऱ्या आहात ना? उकाडा फार आहे, पाणी पीत जा.”

“आजच का फोन केला तुम्ही?”

“दुसरा गुरुवार ना. दर महिन्याला करतो की.”

“मागच्या महिन्यात बुधवारी केला होता.”

साहेब हसले. “मी तुमच्यावर लक्ष ठेवायचं की तुम्ही माझ्यावर? काही झालंय का?”

“काही नाही.” सांगून टाकावं असं तिला वाटलं. कागद दाखवला की ते चौकशी करतील, नऊशेतीनमधली बाई कोण ते तासाभरात कळेल. पण एखाद्या बाईचं नाव पोलिसाला द्यायचं, संशय आहे म्हणून? आणि प्यो साहेबांना तरी कोण ओळखतं? फोन ठेवल्यावर तिनं कपाटातून एक कोरा कागद काढला. उत्तर देणं म्हणजे आपण होऊन जाळ्यात पाय घालणं, हे तिला कळत होतं. बहिणीच्या दोन पोरी डोळ्यांसमोर होत्या, न पाहिलेल्या. पण पाळी हिची होती. आठ वर्षं हिचीच होती. खाली खरोखर ओक-दान असली आणि हिनं या खेपेलाही दगा दिला तर? तिनं लिहिलं, ‘९०३च्या बाई ओली छत्री जिन्यात उघडी ठेवतात.’ असं तिनं कधीच पाहिलं नव्हतं. खाली जाऊन चिकटवलं आणि जिन्यानं धावत वर आली.

शनिवारी तिनं सुट्टी घेतली. अंघोळ करून दुपारपासून दारासमोर बसून राहिली. खिडकीत रातकिडे ओरडावेत तसे भरदिवसा झाडावरचे किडे ओरडत होते. चारला घंटी वाजली. दाराच्या भोकातून नुसता पांढऱ्या केसांचा भांग दिसला. तिनं साखळी न काढता दार उघडलं.

“हे तू लिहिलंस?” फटीतून कागद आत आला. “मी जिन्यात छत्री ठेवते? मी? अगं माझ्याकडं छत्रीच नाही! मी पावसात डोक्याला पिशवी बांधून जाते, साऱ्या बाजाराला ठाऊक आहे. खुर्चीचं बोलले म्हणून सूड उगवतेस होय गं? उघड दार. बघू दे तुझी ती खुर्ची!”

ओक-दान नव्हती. पहिल्या शब्दालाच कळलं. हवा सुटत होती, हेल उत्तरेचाच होता, पण जुना, कुणीतरी फार लहानपणी उचलून नेलेला. सुटका वाटली का दुःख, ते ही-जूला कळेना. तिनं साखळी काढली. म्हातारी चपला भिरकावून आत आली, खोली पाहिली, न्हाणीत डोकावली, कपाटामागंही पाहिलं.

“कुठाय?”

“नाही.”

“विकलीस?”

“कधी नव्हतीच.”

“मग पहाटे कोण मेलं ओढतं? अकराशेतीनवाले असतील, भिंतीतून येतो आवाज कुठूनही.” म्हातारी कंबरेवर हात ठेवून थांबली. “पण मग वर येऊन सांगायचंस की, आजी, माझ्याकडं खुर्ची नाही! हे छत्रीचं काय काढलंस? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?”

याला उत्तर एकच होतं. ही-जूला दुसरं कुठलंही सुचेना, आणि शनिवार होता. तिचे हात आपोआप विजारीच्या शिवणीला लागले. ती मान खाली घालून, एका सुरात, तिथं बोलत तशी बोलू लागली. ठरलेले दोष सांगितले, ओढा सांगितला, साबण सांगितला, मका सांगितला. “तो साबण सगळ्यांनाच दिला होता,” असं तिनं दोनदा सांगितलं. बहिणीचं मात्र सांगितलं नाही. बोलणं संपलं तेव्हा म्हातारी जमिनीवर बसली होती आणि त्याच कागदानं स्वतःला वारा घेत होती.

“बस खाली,” आजी म्हणाल्या. “अशी उभी राहू नकोस माझ्यासमोर. मी कोण लागून गेले!”

मग त्यांनी आपलं सांगितलं, तेही भांडल्यासारखंच. युद्धात, दहा वर्षांच्या असताना, हामहुंगजवळच्या बंदराच्या धक्क्यावर काकानं त्यांना जहाजावर चढवलं आणि आई खालीच राहिली. “मेली का जगली, आजवर पत्ता नाही. पण पितरांच्या पौर्णिमेला देवळात तिच्या नावाची कागदी पट्टी लावते मी. आता शंभरीच्या पुढं गेली असती, म्हणजे गेलीच म्हणायची. पट्टी जाळतात संध्याकाळी. नाव घेऊन जाळलं की सुटतं माणूस, म्हणतात. खरं-खोटं बुद्ध जाणे. येत्या बुधवारी आहे. तुझ्या त्या मैत्रिणीचं नाव सांग, माझ्याबरोबर तिचंही लावते.”

ही-जूनं तोंड उघडलं. ओक-दान मेली हे फक्त आतल्या माणसाला ठाऊक. देवळात हजार माणसं येतात, पट्ट्या वाचतात. हे नाव कुणी दिलं, नऊशेतीननं. नऊशेतीनला कुणी दिलं, वरच्या बाईनं. वरची बाई कोण, तर... म्हातारी तिच्याकडं बघत होती. डोळे पाणीदार होते, बारीक होते. इतक्या मायेनं का विचारते ही?

“शिम ग्योंग-जा,” ही-जू म्हणाली.

“शिम ग्योंग-जा,” आजींनी दोनदा घोकलं आणि गुडघ्यावर हात टेकत उठल्या.

सोमवारी शिम ग्योंग-जा दुकानात मिरच्यांच्या गोणीवर बसून कलिंगड खात होती. हनुवटीवरून रस ओघळत होता. “बघतेस काय अशी? भूत पाहिल्यासारखी? घे एक फोड!” ही-जूनं फोड घेतली आणि तशीच हातात धरून राहिली. घाईत तोंडाशी आलेलं नाव तिनं देऊन टाकलं होतं. जित्या बाईला मेलेल्यांत बसवलं, आणि मेलेलीला तिथूनही हाकललं. ओक-दानला तिनं दुसऱ्यांदा धरून दिलं होतं. या खेपेला तर साबणसुद्धा नव्हता. एका म्हातारीनं माया केली एवढंच निमित्त पुरलं. तिला स्वतःची शिसारी आली. मंगळवारी काम संपल्यावर ती घरी न जाता नवव्या मजल्यावर उतरली.

दार उघडंच होतं. उंबऱ्यात पुरुषाचे काळे, चकचकीत पॉलिश केलेले बूट होते, टाचा जुळवून ठेवलेले. ही-जू उंबऱ्याबाहेरच थांबली. असे बूट तिकडचे चौकशीवाले ठेवायचे. आत पन्नाशीचा एक माणूस, सुटाचं जाकीट बाजूला ठेवून, टेबलापाशी मांडी घालून बसला होता. समोर पांढऱ्या कागदाच्या लांब पट्ट्या आणि हातात पेन.

“ये गं,” आजी म्हणाल्या. “हा माझा भाचा. उद्या हाच नेणार मला देवळात. माझे डोळे गेले, म्हणून नावं हाच लिहितो.”

एक माणूस टेबलामागं बसून नावं लिहितो आहे. ही-जूला परत फिरावंसं वाटलं. पायांनी तसं केलंही, एक पाऊल. मग ती आत आली आणि त्या बुटांशेजारी आपल्या चपला काढल्या.

“शनिवारी दिलेलं नाव खोडा. ती जिवंत आहे. माझी मालकीण आहे ती.”

आजींनी आ वासला आणि मग बोळक्यानं खदाखदा हसल्या. “अगं बया! जित्या बाईला जाळायला निघाले होते मी!” हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, “खोटं का सांगितलंस?”

“भ्याले.”

“कुणाला? मला?”

“हो.”

भाच्यानं पेनचं टोपण काढलं. “नाव?”

“पांग ओक-दान.” आठ वर्षांनी ते नाव तिच्या तोंडून मोठ्यानं बाहेर पडलं. खोलीत काहीच झालं नाही. पंखा फिरत राहिला.

“जन्मसाल?”

“ठाऊक नाही. माझ्याहून दहानं मोठी.”

“गेल्याची तारीख?”

“नक्की नाही. नवव्या दिवशी तिचा चमचा दुसरीला दिला.”

भाच्यानं मान वर करून पाहिलं, आजींनी त्याला हातानं खुणावलं, आणि तो पुढं काही न विचारता सावकाश, सुबक अक्षरांत लिहू लागला. लिहून झाल्यावर त्यानं शाई वाळायला पट्टीवर फुंकर घातली. “आणखी कुणी?” त्यानं विचारलं, कचेरीत विचारतात तसं.

नाही म्हणून उठायचं होतं. बहीण होती, तिच्या पोरी होत्या, दाराशी ते बूट होते. पण पट्टीवर ओक-दानच्या नावाखाली एवढी मोकळी जागा होती की ही-जूला ती बघवेना. आणि तिच्या ध्यानात आलं, की मेलेल्यांत द्यायला आपल्यापाशी आणखी एक, जुनं नाव आहे, आणि ते इथं दिलं तर तिकडचा कागद खोटा ठरत नाही.

“मा छुन-सिल,” ती म्हणाली. “त्याच उन्हाळ्यात ओढ्यात बुडाली.”

भाच्यानं नवी पट्टी ओढली.

“नको. त्याच पट्टीवर. तिच्याखाली.”

आजी इतका वेळ तिच्याकडं बघत होत्या. त्यांना कळलं होतं. “हिनंच ना तो मका सांगितला?” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

“हिनंच.”

“मग एका पट्टीवर चालेल तिला?”

“ठाऊक नाही,” ही-जू म्हणाली. “लिहा.”